जनरलच्या पायातला लाल दोरा

शनिवार, १७ जानेवारी १९९८. सकाळी.

कालच्या नोंदीत दुरुस्ती. जनरल मेला असं मी लिहिलं होतं. मेलेला नाही.

प्रिस्का आत्याने मला घरीच शिकवलं. तिचा पहिला नियम असा की चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं. म्हणून सविस्तर लिहिते. काल पहाटे अंगणातल्या पीचच्या फांदीला आमचा हमिंगबर्ड उलटा लटकलेला दिसला. आसपासच्या सगळ्या पाखरांना हाकलून लावतो म्हणून आत्या त्याला जनरल म्हणते. डोळे मिटलेले, पिसं फुगलेली, अंग थंडगार. मी त्याची नखं फांदीवरून एकेक करून सोडवली, लाल रेशमी दोऱ्याचे सात फेरे गुंडाळले, प्रार्थना म्हटली. आठव्या फेऱ्याला तो तळहातात शिवणयंत्रासारखा थरथरायला लागला. मग एक डोळा उघडला. मी किंचाळले नाही. (किंचाळले, पण हळू.) तो उडाला, आणि तीन बोटं लांब दोरा पायाला अडकवून दिवसभर मिरवत होता.

आत्या म्हणाली, "अगं, कडाक्याच्या थंडीत ती अशीच निजतात. काळजाचे ठोके जवळजवळ बंद करून. ऊन चढलं की जागी. तुला शिकवलं होतं मी हे."

शिकवलं होतं. विसरले. हीसुद्धा चूकच.

रविवार, १८ जानेवारी.

दोरा कशासाठी, ते इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोणी वाचत नाही. बाजारातली तोमासाबाई सांगते, वाळवलेलं हमिंगबर्ड लाल दोऱ्यात गुंडाळून, त्यात एका माणसाच्या नावाची चिठ्ठी घालून छातीशी बाळगलं की तो माणूस दुसरीकडे जात नाही. गुंडाळायचं मात्र शुक्रवारीच. तिच्याकडे तयार मिळतात, पण ती गलोलीने मारलेली. मला पाप नको. माझं पाखरू आपल्या मरणाने मरायला हवं. मी फक्त हजर असावं.

तोमासाबाई हसली. "पोरी, पाखरू कसं मेलं हे नवऱ्याने बायकोला कधी विचारलंय?"

बुधवार, २१ जानेवारी. संध्याकाळी.

सेलेरिनो मास्तर आले होते. खालच्या वस्तीवरच्या शाळेत शिकवतात. हिवाळ्यातल्या दर बुधवारी चार वाजता येतात, हा दुसरा हिवाळा. मुलांनी विचारलेले प्रश्न कागदावर लिहून आणतात, आम्ही उत्तरं देतो. आत्या म्हणते, ते पाखरू बघायला येतात. आत्याची नजर हल्ली अधू झाली आहे.

आजचा प्रश्न: ही पाखरं जन्मभर जोडीने राहतात का? मी मास्तरांकडे बघून म्हटलं, "हो. मरेपर्यंत." त्यांनी माझ्याकडे सात-आठ सेकंद पाहिलं.

दुरुस्ती. सेकंद दोन असतील. बाकीचा वेळ ते लिहीत होते. दुसरी दुरुस्ती: ते गेल्यावर आत्या म्हणाली, "जोडी कसली? नर पाच मिनिटं थांबतो. घरटं ती बांधते, पिलं ती भरवते. हा तिचा पत्तासुद्धा विचारत नाही." पुढच्या बुधवारी मास्तरांना खरं सांगायला हवं.

त्यांना जनरलच्या पायातला दोरा दिसला. अभ्यासासाठी कोणी खूण बांधली आहे का, म्हणून विचारलं. मी गप्प राहिले. गप्प राहणं खोटं बोलण्यात येत नाही.

शनिवार, २४ जानेवारी.

कालचा शुक्रवार. जिवंत.

निश्चय: मी त्याच्याविरुद्ध काही करणार नाही. पण त्याच्यासाठी काही केलंच पाहिजे, असंही कुठे सांगितलेलं नाही. त्याच्यासाठी फांदीला टांगलेल्या बाटलीत चार भाग पाण्याला एक भाग साखर घालतो. आजपासून आठ भाग पाणी. पाणीही पोटात जायला हवं.

बुधवार, २८ जानेवारी.

मास्तरांनी एक किलो साखर आणली! "हे त्याच्यासाठी," म्हणाले. बुजरी माणसं दुसऱ्याचं नाव पुढे करतात. पुडा पेटीत ठेवला, इस्त्रीच्या पोलक्याखाली. जन्मात फोडणार नाही. किल्ली गळ्यात.

आजचा प्रश्न: तो इतरांना का हाकलतो? मी उत्तर जुळवत होते, तोवर आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "हावरट म्हणून! दहाजणांना पुरेल एवढं असतं. पण स्वतःला नको असलं तरी दुसऱ्याला मिळू देणार नाही. माणसंही असतात तशी." कोणाबद्दल बोलत होती कळलं नाही.

जोडीची दुरुस्ती सांगायची राहून गेली. मास्तर घाईत होते. (नव्हते.)

शुक्रवार, ३० जानेवारी. सकाळी सात.

जिवंत. पण जागं व्हायला पंचवीस मिनिटं लागली. आधी पंधरा लागायची. घड्याळ लावून पाहिलं.

दुपारी लाल साल्व्हियाची झुडपं बुंध्यापर्यंत छाटली. छाटल्याने झाड जोमाने फुटतं. त्याला लागणारी फुलं होती, पण छाटताना फुलं बघत बसलं तर काम होत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी.

आज कांदेलारियाचा, मेणबत्त्यांना आशीर्वाद घेण्याचा सण. तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळलेले उंडे, वाफवले, चर्चमध्ये गेलो. कबुलीच्या वेळी फादरना विचारलं, की शेजारी दाराबाहेर गारठला आणि मी आत ये म्हटलं नाही, तर पाप लागतं का?

फादर म्हणाले, "कोण शेजारी?"

"लहानसा आहे, फादर."

"तुझ्या दाराशी येतो?"

"रोज."

त्यांनी तीन जपमाळा सांगितल्या आणि त्याला आजच्या आज एक गरम तामाल नेऊन दे म्हणाले. नेला. पीचच्या झाडाखाली पानासकट ठेवला. तो तामाल खात नाही, याला माझा इलाज नाही. फादरनी सांगितलं ते केलं. आता मन स्वच्छ आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी.

मास्तर बराच वेळ फांदीकडे बघत उभे होते. "बारीक झालाय हो. गळ्यावरची चमकही गेली." मग छाटलेल्या झुडपांकडे पाहिलं. "साखर पुरली ना?"

मी म्हटलं, "आहे अजून." हे अगदी खरं आहे.

मग ते लाजत म्हणाले, येत्या शनिवारी नाही, पुढच्या. चौदा तारखेला, सकाळी दहाला, ओआहाका शहरातून एका व्यक्तीला घेऊन येतील. नाव अंपारो. गेल्या हिवाळ्यापासून ते तिला पत्रातून जनरलच्या गोष्टी कळवत आहेत. "ती सात तास बसमधून येणार. तो इथे नसेल तर तेवढा निरोप पाठवाल? नाहीतर खेप फुकट जायची."

"असेल," मी म्हटलं. "इथेच असेल."

अंपारो म्हणजे त्यांची आई. नाव घेताना आवाज जसा मऊ झाला, तसा आईच्याच आठवणीने होतो. मला दाखवायला आणत असणार. आत्या म्हणाली, "आईला नावाने हाक मारणारा मास्तर मी आजच पाहिला." आत्याने लग्न केलं नाही, त्यामुळे तिला या गोष्टीतलं फारसं कळत नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी.

पन्नास मिनिटं लागली. मध्येच फांदीवरची पकड सुटली आणि तो खाली गोठलेल्या मातीवर पडला. ही पाखरं चालू शकत नाहीत, पाय नुसते धरून बसण्यापुरते. पडला तिथेच चोच वर करून बसून राहिला. दोरा पायातच होता. मी हात लावला नाही. मदतही नाही, त्रासही नाही. दोरा घेऊन उभी होते.

आत्या पायात वहाणाही न घालता धावत आली. ओंजळीत उचलून चुलीशी घेऊन गेली, बोटावरून पाक चाटवला. मग बाटलीतलं एक बोट स्वतः चाखलं.

"बाटलीत साखर कोण घालतं गं हल्ली?"

"मी."

"कुठल्या बाटलीत?"

आता ती चुलीमागची खिडकी रोज उघडी ठेवते. चुलीची ऊब फांदीपर्यंत जाते. बाटलीही तीच भरते. माझ्याशी बोलत नाही. तो पुन्हा उडतो आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी.

मास्तर आले नाहीत. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदाच. दूधवालीबरोबर चिठ्ठी आली. आत्याने मोठ्याने वाचली: "घराला चुना लावतो आहे, म्हणून आज जमत नाही. शनिवारी नक्की. जनरलला नमस्कार सांगा." मी कागद घेऊन पाठीमागे काही आहे का ते पाहिलं.

"दुली," आत्या म्हणाली. पाच दिवसांनी पहिल्यांदा. "मागची बाजू कोरी आहे. हे लवकर समजून घे, पोरी."

मी समजून घेतलं आहे. आई येणार म्हणून कोणी घराला चुना लावत नाही. घर करायचं मनात असलं की लावतात. ते विचारणार. शनिवारीच विचारणार. फक्त माझ्याकडून तयारी अपुरी राहायला नको.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळी.

नवा लाल दोरा काढून ठेवला. चिठ्ठीवर नाव लिहिलं, सेलेरिनो, सुवाच्य अक्षरात. छातीशी बांधायची पिशवी शिवून झाली. आत्या शुक्रवारी साडेपाचला पहाटेच्या प्रार्थनेला जाते, सातला येते. चुलीमागची खिडकी आत्ताच लावून आले. बाहेर आभाळ निरभ्र आहे, म्हणजे दव गोठणार. तो आता फांदीवर बसला आहे. मी गेले तेव्हा उडाला नाही. त्याला माझी सवय झाली आहे.

दुरुस्ती. २४ जानेवारीला 'मी त्याच्याविरुद्ध काही करणार नाही' असं लिहिलं होतं. ते खोडत नाही. खाली बरोबर लिहिते. यावेळी तळहाताची ऊब लागू द्यायची नाही. हातमोजे घालायचे आणि आठव्या फेऱ्याला थांबायचं नाही.

शनिवारी जनरल इथेच असेल असं मी मास्तरांना सांगितलं होतं. ते खोटं ठरणार नाही. ते दहाला अंगणात येतील, मी पीचखाली उभी असेन, आणि जनरल माझ्या पोलक्याच्या आत असेल.

उद्या. शुक्रवार, १३ फेब्रुवारी, पहाटे सहा.