बैल हलला की काटा चुकतो

११ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, तरी शुद्धलेखन सांभाळायचं.
काटा पुन्हा चुकला. मारेगावच्या या जिनिंगमध्ये फाटकातला वजनकाटा मी चालवतो. आधी डोमाजींचा कापसाचा ट्रॅक्टर चढला, मागून तुळसाबाईंची बैलगाडी. बैलगाडीच्या पावतीवर ट्रॅक्टरचंच वजन आलं. तुळसाबाई पावती बघून म्हणाल्या, राहू दे पोरा, मशीन कायले खोटं बोलन?
पावती परत घेतली. 
भगवानराव मॅनेजर. ते म्हणाले, हे उलटं झालं असतं तर डोमाजीनं तुलेच काट्यावर तोललं असतं. संक्रांतीपर्यंत नीट कर, नाही तर मी दुसरा पोरगा पाह्यतो.
रात्रीचं जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर
कारण सापडलं. पॉलिटेक्निक पहिल्याच वर्षी सुटलं, पण ते प्रकृतीमुळे. डोकं शाबूत आहे.
वजन बदललं की काट्याचं यंत्र कॉम्प्युटरला मेसेज पाठवतं. तो घेणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. ट्रॅक्टर गप उभा राहतो. बैल राहत नाही. पाय बदलतो, मान झटकतो, माशी बसली की अंग थरथरवतो. दर वेळी नवा मेसेज. मेसेजांची गर्दी झाली की ड्रायव्हर घाबरतो आणि हाती असलेला जुनाच मेसेज पुढे करतो.
मला ड्रायव्हरची बाजू कळते.
आमची ऑपरेटिंग सिस्टम फुकटची आहे. तिचं आतलं सगळं कोणालाही वाचता येतं. दुरुस्ती करून ईमेलने धाडायची. सिस्टम सांभाळणाऱ्या परदेशातल्या इंजिनिअरांना पटली तर ती जगभर जाते. आठवड्यात उरकतो.
तोवर दर बैलगाडीनंतर कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. मग तो जुनं विसरतो.

१९ नोव्हेंबर
आठवडा झाला. ड्रायव्हर पूर्ण वाचला. सुरुवातीच्या टिपेत एक इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं. इतक्या वर्षांत कोणाच्याच लक्षात आलं नाही! दुरुस्त केलं.
मेसेजांच्या रांगेला हात लावला नाही. घाईने बिघडतं.

२४ नोव्हेंबर
लावला हात. आता जुना मेसेज टाकून द्यायचा, नवा तेवढा ठेवायचा. चाचणीसाठी विक्की हमालाला काट्यावर चढवलं आणि बैलासारखं हल म्हटलं. तो म्हणाला, मले नाही जमत भाऊ, तू करून दाखव. करून दाखवलं. नेमके तेव्हाच भगवानराव आले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
विक्कीवर काटा अचूक चालला. खऱ्या बैलावर लगेच नको. काही झालं तर? आधी तिकडून पसंती येऊ दे.
ईमेल धाडला. त्यात बैल लिहायचं धाडस झालं नाही. मोठमोठे इंजिनिअर वाचणार. ‘हलता भार’ असं इंग्रजीत लिहिलं. भारदस्त वाटलं.

२६ नोव्हेंबर
उत्तर आलं!
उघडलं नाही. चांगली बातमी शांत मनाने वाचावी. रविवारी.

३० नोव्हेंबर, रविवार
संगीताताई आणि भाऊजी आले. पाहुण्यांत ईमेल उघडू नये.

५ डिसेंबर
त्याच माणसाचा दुसरा ईमेल. एक तर काम फार आवडलं असेल, नाही तर माझ्यावर केस केली असेल.
विक्की म्हणाला, पाह्यून तर घे, ईमेल चावते काय? त्याला काय कळणार. न उघडलेल्या ईमेलमध्ये दुरुस्ती पसंत पडलेली असू शकते. उघडल्यावर ती सोय राहत नाही.
भगवानरावांनी विचारलं, काय म्हणून राह्यले तुहे फॉरेनवाले? चर्चा चालू आहे, म्हटलं.

१८ डिसेंबर
तिसरा ईमेल नाही. म्हणजे त्यांचं समाधान झालं असावं.
गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. तुळसाबाई म्हणाल्या, दर गाडीमांगं झोपते तुहा कॉम्प्युटर, याच्यापेक्षा माहा बैल बरा. हसलो. आत जाऊन पाणी प्यायलो.

९ जानेवारी, सकाळ
सिस्टमची नवी आवृत्ती आली. माझी दुरुस्ती यात असणारच. जागा हवी म्हणून जुनी आवृत्ती पुसली. भगवानरावांना बोलावलं, विक्कीने कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिला मान तुळसाबाईंच्या गाडीला.
बैल दगडासारखे उभे. स्क्रीन कोरी.
डोमाजींचा ट्रॅक्टर चढवला. कोरी.
भगवानराव म्हणाले, आतापर्यंत खोटं तर खोटं, काही तरी सांगत तरी होता.

९ जानेवारी, दुपार
दोन्ही ईमेल उघडले.
पहिला: दुरुस्ती चांगली दिसते. पण इतके भराभर मेसेज येतील असा हा भार कोणता? आमच्याकडे तशी चाचणी जमत नाही. एका ओळीत कळवा, लगेच घेतो.
दुसरा: उत्तर नाही, त्याअर्थी हा ड्रायव्हर आता कोणी वापरत नाही असं दिसतं. पंधरवड्यात कळलं नाही तर सिस्टममधून काढून टाकू.
काढला.
एक ओळसुद्धा लागत नव्हती. बैल, एवढंच.
आता उत्तर लिहिलं आहे. शुद्धलेखन पुन्हा एकदा तपासतो, मग धाडतो.

१४ जानेवारी, संक्रांत
काढलं नाही मला. आता गाड्या नाक्यावरच्या धर्मकाट्यावर तोलतात. मी तिथून वजनाची चिठ्ठी घ्यायची, सायकलने जिनिंगमध्ये आणायची, भगवानरावांच्या हाती द्यायची. ड्रायव्हरचंच काम. मन लावून करत होतो.
आज सणाची घाई, गाडीमागे गाडी. मागून सगळे ओरडायला लागले, चिठ्ठ्या हातात कोंबायला लागले. घाबरलो. खिशात हाताला लागली ती चिठ्ठी पुढे केली.
डोमाजींच्या ट्रॅक्टरवर तुळसाबाईंच्या बैलगाडीचं वजन चढलं.
डोमाजींनी मला खांद्यावर घातलं, नाक्यावर नेलं आणि खरंच काट्यावर उभं केलं. विक्की म्हणाला, हलू नको भाऊ. पण अंगाची थरथर थांबेना. आकडा ठरेना.
भगवानरावांनी हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाले, जाय घरी, झोप काढ. उद्या ये का नको, ते मेसेज करून सांगतो.

संध्याकाळ
भगवानरावांचा मेसेज आला आहे.
उघडला नाही. रविवारी, शांत मनाने. तोपर्यंत नोकरी आहे असंच धरायला हरकत नाही.