कोल्हापूरचं उपेक्षित दशक आणि मी

६ जानेवारी, सोमवार
शेवटी इतिहासाला जाग आली! सकाळी पुण्याहून फोन. अनुजा नावाची मुलगी, प्रदर्शनं भरवते. म्हणाली, ऐंशी ते नव्वद या काळात कोल्हापुरात काही चित्रकारांनी फार वेगळं काम केलं, त्याची दखलच कुणी घेतली नाही, मार्चमध्ये तुमच्याच गावात मोठं प्रदर्शन लावतोय. तुम्हीही त्या 'मोकळा रंग' ग्रुपमध्ये होता ना?

मी म्हटलं, ग्रुपमध्ये नव्हतो, ग्रुप म्हणजेच मी. तिनं माझं नाव परत एकदा विचारून घेतलं. भारावली असावी.

संकल्प : रोज एक तास भाषणाची तयारी. तांबडा रस्सा बंद. केसांना रंग नाही, पांढरेच शोभतात.

८ जानेवारी
माळ्यावरून चित्रं खाली काढली. नऊ निघाली. पन्हाळ्यावरचा सूर्यास्त, रंकाळ्यावरचा सूर्यास्त, जोतिबाचा गुलाल, गगनबावड्याचं धुकं वगैरे. आक्काताई (माझी बायको, कलेशी संबंध नाही) धुक्यापुढं बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, ह्यात गगनबावडा कुठाय? मी म्हटलं, धुक्यात. ती म्हणाली, मग तिथंच ऱ्हाऊ द्या की, खाली कशाला आणला.

भाषण : आज सुरुवात नाही. पाठ दुखतेय.

११ जानेवारी
अनुजाचा परत फोन. पाऊण तास बोलली, त्यातली चाळीस मिनिटं ज्ञानूबद्दल. माझ्याबद्दल उरलेली पाच, त्यातही दोनदा आवाज तुटला.

ज्ञानू टॉकीजचे बोर्ड रंगवायचा. मंगळवार पेठेत त्याची शेड होती, तिथं आम्ही चौघं जमायचो : ज्ञानू, अमरसिंह, विजयसिंह आणि मी. हिरोहिरॉइनची थोबाडं रंगवून झाली की ज्ञानू त्याच ब्रशनं, त्याच भडक रंगात, तेवढ्याच आकाराचे हमाल, गवळी, तालमीतले पोरगे रंगवायचा. एकदा ती चित्रं आम्ही रस्त्यावरच्या भिंतीला लावली. लोक ऊन डोक्यावर येईपर्यंत हलले नाहीत. एक गवळी स्वतःला बघून रडला होता. मान्य आहे, चांगली होती. पण कल्पना कुणाची? तिथं भिंत आहे हे मीच दाखवलं होतं.

अनुजा म्हणाली, त्या दिवसाचा एकच फोटो सापडलाय. मूळ चित्रं कुठं गेली? मी म्हटलं, काळाच्या ओघात. वाक्य चांगलं जमलं. पण फोन ठेवल्यावर खोलीचं दार लावून घेतलं.

१२ जानेवारी
ही रोजनिशी कुणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवतो. ८९ साली ज्ञानू आजारी पडला, शेड विकून मलकापूरला गावी गेला. जाताना चित्रांची गुंडाळी माझ्याकडं ठेवली. जप म्हणाला. तिकडंच वारला.

मी जपली. पाच वर्षं जपली. मग माझी सूर्यास्ताची मालिका डोक्यात आली. माझ्या मास्तरकीच्या पगारात एवढं मोठं कापड कुठून आणायचं? बोर्डवाल्यांची रीत सगळ्या कोल्हापूरला ठाऊक : शुक्रवारी नवा सिनेमा आला की जुन्या चेहऱ्यावर खडू आणि सरस कालवून पांढरा हात मारायचा, त्यावर नवा चेहरा. हे मला ज्ञानूनंच शिकवलं. गुंडाळी उलगडत गेलो तसा पांढरा हात मारत गेलो, नीट बघितलीसुद्धा नाही. बघितलं असतं तर हात मारवला नसता. मी फक्त शुक्रवार केला.

यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त कुणाला सांगायचं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ द्यायला अमरसिंहाकडं गेलो. हेतू हा की तो अनुजाला काय सांगणार ते काढून घ्यावं. माझ्या मनातलं त्याला कळणार नाही याची पूर्ण खात्री होती.

दार उघडताच त्यानं विचारलं, काय रं हंबऱ्या, ज्ञान्याची चित्रं काय केलीस?

म्हटलं, कुठली. तो म्हणाला, आता गोड बोलायचा सण हाय म्हणून गप बसतो. पुण्याच्या पोरीला मी सांगितलंय, गुंडाळी हंबीररावाच्यात गेल्याली. जा, बघा. तू आन ती बघून घ्या.

तिळगूळ घशात अडकला. त्यानं पाणी दिलं, पण हसत दिलं. परत येताना दुकानात थांबून केसांना लावायचा रंग घेतला. घाबरून नाही. नीटनेटकं दिसलं पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार
अनुजा आली. सोबत संघप्रिया. ही इथलीच, बिंदू चौकातली. जुनी चित्रं दुरुस्त करायचं शिकून आलीय.

नऊही चित्रं हॉलमध्ये लावली होती. सोफा बाहेर, टीव्ही स्वयंपाकघरात. अनुजा छान, छान म्हणत गेली. प्रत्येकापुढं सारखाच वेळ. संघप्रिया मात्र चित्राच्या पुढून बघेना, मागून बघू लागली. मी सांगितलं, बाई, चित्र इकडच्या बाजूला आहे. ती म्हणाली, व्हय सर, पण कापड मागनंच बोलतंय.

मग विचारलं, एका कोपऱ्याला ओला कापूस लावू का? मला वाटलं धूळ काढतेय. लावा म्हटलं.

तिनं कापूस फिरवला. जोतिबाचा गुलाल गेला, माझे रंग पाण्यातलेच होते. त्याखालचा पांढरा विरघळला. खडू आणि सरस, पाणी लागलं की सुटणारच. तिनं दुसरा कापूस घेतला. थांबा म्हणणार होतो, पण लावा मीच म्हटलं होतं.

गुलालाखालून एक डोळा आला. एवढा मोठा, तुकतुकीत, टॉकीजच्या बोर्डावर असतो तसा.

आक्काताई चहा घेऊन आली ती तशीच उभी राहिली. म्हणाली, अगं बया, हे कोण बसलंय आत?

मी बोर्डवाल्यांची रीत समजावून सांगितली. सविस्तर. अनुजानं ऐकून घेतलं. चहा मात्र घेतला नाही.

५ फेब्रुवारी
विजय! अनुजाचा फोन. नऊच्या नऊ चित्रं प्रदर्शनासाठी हवीत. नऊच्या नऊ! उगाच घाबरलो होतो. दर्दी माणसाला दर्जा कळतोच.

गल्लीत सगळ्यांना सांगितलं. नवं जाकीट शिवायला टाकलं. खूप दिवसांनी तांबडा रस्सा, दोन वाट्या. आज चालतं.

७ फेब्रुवारी
संमतीपत्र आलं. त्यात एक ओळ : चित्रांवरील वरचा थर काढून टाकण्यास माझी हरकत नाही. वरचा थर म्हणजे धूळ असणार.

आक्काताईनं चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, अहो, वरचा थर म्हंजे तुम्ही.

८ फेब्रुवारी
सही करणार नाही. माझं सगळं काम त्या नऊ कापडांवर आहे. मी काय चोर आहे? जिवंत माणूस पुसायचा आणि मेलेला वर आणायचा, हा कुठला न्याय?

अनुजाचे चार फोन. उचलले नाहीत. दुपारी अमरसिंह गल्लीतून दोनदा गेला. हॉर्न न वाजवता. मुद्दाम.

९ फेब्रुवारी
मलकापूरहून फोन. अनोळखी नंबर म्हणून चुकून उचलला. ज्ञानूची मुलगी, तेजस्वी. तो गेला तेव्हा ही पाळण्यात. ओरडेल अशी तयारी ठेवली होती, उत्तरंही तयार होती. ती ओरडली नाही. म्हणाली, काका, आमच्या घरात दादांच्या हातचं एकबी चित्र न्हाय. आई सांगती, दादा जाताना म्हणलेलं, हंबीरकडं हायती, हंबीर जपंल.

हो म्हटलं आणि फोन ठेवला. लाज वाटली. इथं लिहितो, इतर कुठं बोलणार नाही.

संध्याकाळी सही केली. पण अट घातली, लेखी : एका चित्रावर माझ्या कामाचा काही भाग कायम ठेवावा. संघप्रिया फोनवर म्हणाली, पुरावा म्हणून वरच्या रंगाचा एक छोटा चौकोन आम्ही ठेवतोच सर. कुठला ठेवू? मी म्हटलं, पन्हाळ्याच्या चित्रावरची माझी सही.

म्हणजे तसा मीच जिंकलो. प्रदर्शनात माझं नाव माझ्या अक्षरात.

३ मार्च
संघप्रियाचा फोन. पन्हाळ्याखालनं पूर्ण चित्र आलंय, लई भारी हाय. फक्त कोपऱ्यात, तुमच्या सहीखाली, कुणीतरी बसलंय. पाय दिसतायत. चेहरा नेमका सहीखाली. सहीचा तुकडा सोडून दुसरीकडचं आभाळ ठेवू का?

मी ओळखलं. अमरसिंहानं पढवलेलं. सही घालवायचा डाव. म्हटलं, असंल कुणी हमाल. अट म्हणजे अट. सही हलणार नाही.

ती म्हणाली, परत विचार करा सर, चित्राखालची पाटी छापून झाली की मला बदलता यायचं न्हाय. मी विचार केला. एक मिनिट. नाहीच.

२२ मार्च, शनिवार
उद्घाटन. हॉल गच्च. जाकीट काखेत काचत होतं. भाषण तयार होतं (दीड पान), पण कुणी बोलावलं नाही.

हमाल, गवळी, पैलवान, सगळे परत आले होते. भिंतभर. मला वाटलं होतं राग येईल. तो आला नाही. मी बघतच राहिलो. असं मला एकदाही जमलं नव्हतं.

शेवटच्या भिंतीवर पन्हाळ्याखालचं चित्र. ज्ञानूची शेड, दुपारची. मध्ये अमरसिंह, पायावर पाय टाकून, हिरोसारखा. मागं विजयसिंह बिडी ओढतोय. ज्ञानू स्वतः शिडीवर, पाठमोरा. उजव्या कोपऱ्यात कुणीतरी रंगाच्या डब्यावर बसलेलं. हातात ब्रश, पायात कोल्हापुरी, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला. चेहऱ्याच्या जागी केशरी आभाळाचा चौकोन. त्यावर माझी सही.

त्या तुटक्या अंगठ्याची चप्पल मी दोन वर्षं वापरली होती.

अमरसिंह शेजारी येऊन उभा राहिला. आज हसला नाही. म्हणाला, तू आठवडाभर बसलावतास की त्येच्यापुढं. पूर्ण झाल्याबिगर दावत न्हाय म्हणायचा. आम्हाला एकेका दिवसात उरकलं. तुझ्या तोंडावर लई दिवस घातलं त्यानं.

मी संघप्रियाला गाठलं. म्हटलं, हे काढा, आत्ता काढा, पाणी आणतो. तिनं हळूच हात धरला. म्हणाली, सर, आता न्हाय जमणार. तुमचीच लेखी अट हाय.

तेजस्वी आली. चित्रासमोर डोळे पुसत उभी. एकेकावर बोट ठेवून विचारत होती, हे अमरसिंहकाका, हे दादा. मग विचारलं, काका, आन तुम्ही कुठं?

मी सहीवर बोट ठेवलं.

ती म्हणाली, तसं न्हवं काका. चित्रात.

मी म्हटलं, तिथंच.