वानर पडलं, लोक हसले

शनिवार, १२ नोव्हेंबर १९७७

बाबांना राक्षसी वानराचा हा नवा रंगीत सिनेमा दाखवायला नेलं, तेच चुकलं का? जुना काळापांढरा त्यांनी तरुणपणी पाहिला होता. त्यात ते वानर मेलं तेव्हा रडले होते म्हणे. आज ते इमारतीवरून पडलं आणि बाबांनी हळूच चपला काढल्या, मयतीत काढतात तशा. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, आत माणूस आहे, पाठीवरची चेन दिसून राहिली!" सगळं थेटर हसलं. बाहेरही लोकांचं तेच, एवढा खर्च पाण्यात गेला, जुनाच बरा होता. बाबा म्हणाले, "तो मेला, तं लोकं काहून हासून राहिले गा?"

मी मान खाली घातली, तर बाबा अनवाणी. चपला आतच राहिल्या होत्या, आणि पुढच्या खेळाची गर्दी आत घुसत होती.