बाईसाहेब जेवत नाहीत

१२ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

खूप खूप आशीर्वाद. पस्तिशीच्या माणसाला बारक्या म्हणणं बरं दिसत नाही, हे कळतं मला. पण दुसरं काही लिहायला गेले की पेन अडतं.

मी ठीक आहे. तूही ठीक असशील. वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला, गळ्यात भला मोठा अजगर घेऊन हसतोयस. प्राणिसंग्रहालयात सापांचा विभाग तूच सांभाळतोस असं खाली लिहिलं होतं. हे पत्र त्याच पत्त्यावर टाकते आहे. फोटोतही बारीकच दिसतोस.

इथे सगळं तसंच आहे. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात. आता डोळे तपासायची खोली माझ्याकडे असते. गुडघा कुरकुरतो. तुझ्या खोलीत ओल आली होती, ती काढून घेतली.

आता मुद्द्याचं लिहिते. आमच्या दुकानातला काचा घासणारा कारागीर परगावी गेला आणि जाताना त्याचा साप माझ्या गळ्यात मारून गेला. बॉल पायथन आहे, घाबरला की अंगाचा चेंडू करणारा तो लहान जातीचा अजगर. मादी आहे, सहा वर्षांची. मी तिला बाईसाहेब म्हणते, कारण मानपान फार. आणल्यापासून पाच आठवडे झाले, बाईसाहेब जेवत नाहीत. उंदीर आणून ठेवते, त्या मान फिरवतात. मी रोज पेटीत हात घालून त्यांना उचलून कुरवाळते, समजूत काढते, काही उपयोग नाही. पेटीत लपायला एक उलटी कुंडी ठेवली आहे, खाली गरम गादी आहे. ऊब किती आहे ते तापाच्या थर्मामीटरने बघते. हसू नकोस.

तिला काही झालं तर त्या कारागिराला काय तोंड दाखवू? माझ्या ओळखीत सापांतलं कळणारा तू एकटाच आहेस. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

तुझी,
ताई


९ डिसेंबर

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. जिन्यातच उभ्याने वाचलं, मग वर येऊन बसून वाचलं. वर मायना नाही, खाली सही नाही. सात ओळी, सगळ्या सूचना. शेवटची ओळ, ‘वजन कळवा.’ कळव नाही, कळवा. असू दे. अक्षर मात्र अजून तसंच आहे, प्रत्येक शब्दाच्या शेवटी धाप लागल्यासारखं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. तापाचं थर्मामीटर कपाटात गेलं. दोन खरी थर्मामीटरं आणली, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. उबेकडे एकतीस-बत्तीस, दुसरीकडे सव्वीस. कुंडी काढली आणि अंगाला घट्ट बसतील अशा दोन बुटक्या गुहा ठेवल्या, दोन्हीकडे एकेक. पेटीच्या तीन बाजूंना जाड कागद लावला. हात लावणं बंद. ते सगळ्यात कठीण गेलं, कारण त्या वजनाची सवय झाली होती हाताला. वजन नऊशे चाळीस ग्रॅम होतं, तीन आठवड्यांनी नऊशे पस्तीस. म्हणजे घाबरण्यासारखं नाही ना?

आणि ऐक, कात टाकली. आधी डोळे दुधाळ निळे झाले. आमच्याकडे मोतीबिंदूचे पेशंट येतात तसे. तुझ्या कार्डावर लिहिलं होतं म्हणून कळलं की हे नेहमीचं आहे. ओलं शेवाळ घातलेला डबा ठेवला. आठवड्याने कात निघाली, पण तुकड्यातुकड्यांनी. डोळ्यांवरच्या जुन्या काचा, म्हणजे कातीबरोबर निघणारे पारदर्शक खवले, निघाल्यात का, ते दुकानातलं भिंग आणून पाहिलं. उजव्या डोळ्याची निघाली होती, डाव्याची अडकली होती. मी काही ओढलं नाही, फक्त ओल वाढवली. चार दिवसांनी तीही सुटली. तेवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर काचा बसवते आहे बारक्या, उतरवायची वेळ पहिल्यांदाच आली.

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई दारातूनच बघतात. म्हणाल्या, “अहो, ते तुमच्याकडे बघतंय.”

मी म्हटलं, “त्यांना पापण्याच नाहीत, त्या सगळ्यांकडेच बघतात.”

“मग झोपलेलं कसं कळतं?”

“अंदाजाने.”

“घरात दुसरं कुणी नाही म्हणून असलं काहीतरी आणून ठेवायचं होय?” असं म्हणून त्या खाली गेल्या. वाईट नाहीत त्या, पण बोलतात पटकन.

आणि तिथेच माझी चोरी पकडली गेली, म्हणून तुलाही सांगून टाकते. ती आणलेलीच आहे. कारागीर कुठेही गेलेला नाही, रोज माझ्या शेजारीच बसतो आणि सापाचं नाव काढलं तरी पाय वर घेतो. कुणीतरी हिला खोक्यात घालून रस्त्याच्या कडेला सोडलं होतं. प्राण्यांच्या आसरा-केंद्रात होती. मी तिथे चष्म्यांचं शिबिर घ्यायला गेले होते. तिथल्या माणसाने विचारलं, “आधी साप पाळलाय कधी?”

मी म्हटलं, “मी नाही. घरात होता एकदा.”

“मग माहीत असेल तुम्हाला. ही तीस वर्षं जगते. तेवढी तयारी आहे?”

मी हिशेब केला. माझी सत्तरी उलटेल तेव्हा हिचं म्हातारपण सुरू होईल. तरी सही केली. खरं कारण एवढंच, की तुला पत्र लिहायला मला काहीतरी निमित्त हवं होतं. ‘कसा आहेस’ म्हणून विचारलं असतं तर तू उत्तर दिलं नसतंस. सापाबद्दल विचारलं तर देशील, असं वाटलं. दिलंस.

यात बाईसाहेबांना ओढलं, हे चुकलंच. पण आता त्या माझ्या आहेत.

तुझी,
ताई


१८ जानेवारी

प्रिय बारक्या,

जेवल्या! पंधराव्या आठवड्यात, काल संध्याकाळी.

तुझं दुसरं कार्ड आलं होतं त्याप्रमाणे उंदीर लहान आणला, कोमट पाण्यात अंगाइतका गरम केला, कोरडा केला, लांब चिमट्यात धरून गुहेच्या तोंडाशी हलवला. जीभ आत-बाहेर, आत-बाहेर. मग काहीच नाही. माझा हात भरून आला. आता ठेवावा खाली म्हणते तोच धप्पकन झडप घातली आणि चिमटाच माझ्या हातून उडाला. मी किंचाळले. खालून नर्सबाई ओरडल्या, “चावलं का हो?” मी म्हटलं, “नाही, जेवल्या!” मग दिवा मालवून दाराबाहेर बसले आणि आनंदाने रडले. पन्नाशीला आलेली बाई, उंदीर गिळला म्हणून रडतेय.

हे सांगायला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. तू असतास तर आधी तिचं पोट लांबूनच न्याहाळलं असतंस आणि मग मला म्हणाला असतास, “ताई, बाजूला हो, सावली पाडू नकोस.” हे वाक्य तू किती वेळा म्हणायचास.

इथेच पत्र संपवणार होते. पाकीटही चिकटवलं होतं. फाडून परत बसले आहे.

तुझा अजगर कसा गेला ते सांगते. तू एकोणीस वर्षांचा होतास आणि तो तीन वर्षं तुझ्याजवळ होता. त्या दिवशी वीज गेली नव्हती, बारक्या.

ज्या घरी माझं लग्न ठरत होतं ते लोक त्या दिवशी जेवायला यायचे होते. ज्या घरात साप आहे तिथे आई पाऊल ठेवणार नाही, असं त्या घरच्या मुलाने मला आधीच सांगितलं होतं. मी तुला म्हटलं, दोन दिवस मित्राकडे ठेव. तू म्हणालास, थंडीत हलवता येणार नाही. मग तू कॉलेजला गेल्यावर मी पेटीच्या हीटरची विजेची पिन काढली आणि पेटी मागच्या गॅलरीत नेऊन ठेवली, वर चादर टाकली. दुपारपर्यंतच, असं मनाशी म्हटलं होतं. ते लोक पाच वाजेपर्यंत बसले.

‘मी विसरले’ असं वर लिहिलं होतं, ते खोडलंय. विसरले नव्हते. दोनदा आठवलं. एकदा उठलेही. त्याची आई म्हणाली, “कुठे निघालीस? बस की.” आणि मी बसले.

ते गेल्यावर पेटी आत आणली, पिन लावली आणि तुझी वाट बघत बसले. तू आल्यावर म्हटलं, सकाळपासून वीज नव्हती. तू त्याला शर्टाच्या आत पोटाशी धरून दोन तास बसलास. मग मला काय म्हणालास ते आठवतं? म्हणालास, “माझंच चुकलं ताई. गरम पाण्याच्या बाटल्या कशा ठेवायच्या ते तुला दाखवून ठेवायला हवं होतं.”

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझ्या तोंडचा एकही शब्द मी खाली पडू दिला नाही, असं मी लोकांना अभिमानाने सांगायचे. तो शब्द मात्र मी ऐकून घेतला आणि गप्प राहिले. पुढे दोन महिने तू धड जेवत नव्हतास. तुझं ते तोंड मला बघवेना, म्हणून मीच तुझ्यावर ओरडले, “एका जनावरासाठी किती दिवस तोंड पाडून बसणार आहेस?” तू एक बॅग भरून गेलास. त्या वाक्यामुळे गेलास असं मी सगळ्यांना सांगत आले. त्याआधीचं कुणालाच सांगितलं नाही.

ते लग्नही झालं नाही, पण त्याचं कारण वेगळं. ते सांगून तुझी दया घ्यायची नाही मला.

थंडीत त्या जातीचं काय होतं, ते आता मला माहीत आहे. सगळं वाचलंय. आधी हालचाल मंदावते, मग ऊब शोधायची ताकदही राहत नाही. बाईसाहेबांच्या पेटीतलं थर्मामीटर मी दिवसातून दहा वेळा बघते.

यापुढे कार्ड आलं नाही तर मी समजेन. तिची काळजी करू नकोस, आता मला जमतं.

ताई


२ मार्च

प्रिय बारक्या,

सहा आठवडे मी टपालपेटी रोज उघडली. नर्सबाईंनी एकदा विचारलं, मी वीजबिलाचं सांगितलं. काल तुझं पार्सल आलं. पेटीतली ऊब आपोआप ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट आणि आत चिठ्ठी.

‘तुझ्याकडचा थर्मोस्टॅट साधाच असणार, तो काढ आणि हा लाव. पत्र तीन वेळा वाचलं, चौथ्यांदा वाचवत नाही. सोळा वर्षं मी इथल्या प्रत्येक पेटीला दोन-दोन हीटर लावतो, दुसरा बॅटरीवरचा, वीज गेली तरी चालावा म्हणून. सगळे हसतात. मला वाटायचं मी काळजी घेतोय. पुढच्या रविवारी दुपारी येतो. साप बघायला. त्या दिवसाबद्दल मला काही बोलायचं नाही.’

दोन-दोन हीटर. ही ओळ वाचून मी दिवसभर दुकानात कुणाच्या डोळ्यांत बघू शकले नाही. मालक म्हणाले, घरी जा.

ये. घर तेच आहे, दुसरा मजला. बेल बिघडलीय, दार वाजव. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी काही विचारणार नाही. रागावलास तरी चालेल. ऐकून घेईन, बसून राहीन. या वेळी दुसऱ्या कुणी हाक मारली तरी तुझ्याजवळून उठणार नाही.

एकच मागते. तू तेव्हा मला हाका मारायचास, “ताई, बघ ना, हे बघ ना,” आणि मी नाक मुरडून स्वयंपाकघरात जायचे. तुझ्या हातात ते जनावर कसं दिसायचं, ते मी एकदाही धड पाहिलं नाही. रविवारी बाईसाहेबांना हातात घेशील तेव्हा मला हाक मार. नाही मारलीस तरी मी दाराशी उभी असेन.

सोळा वर्षं उशिरा बघायला आलेली,
तुझी ताई