तपासणाऱ्याचा रकाना

सदाशिव पेठ, पुणे
४ सप्टेंबर २००२

ती. बाबांना,
सविनय जयभीम.

वि. वि. मी मजेत आहे. आईला सांगा, वेळेवर जेवते; आणि खरंच जेवते. घरमालकीण यमुनाबाईंनी मोरीत नवी पाटी लावलीय, ‘पाणी जपून वापरावे, धरण आमचे नाही.’ बाकी बाई प्रेमळ आहेत.

डिप्लोमा झाल्या झाल्या नोकरी लागली, याचा तुम्हाला आनंद झाला असेल असं मी धरून चालते. कारण तुमच्या पाकिटातून आनंदाऐवजी डी.एड.चा फॉर्म निघाला. तो तसाच परत पाठवतेय. बाबा, मला शाळेत शिकवायचं नाही. मला ऑफिसांची, घरांची आतली कामं कागदावर काढायचीत: दारं, कपाटं, पार्टिशन. आमच्या बद्रीनाथ सरांनी तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलंय. नोव्हेंबरअखेर ठेवतील नाहीतर नारळ देतील. त्यांचा नियम असा की जो कागद बघून सुताराला प्रश्न पडतो तो नकाशा नव्हे, रांगोळी. बिजागरी कुठे, पट्टी किती जाड, लाकूड फरशीला टेकतं तिथे काय, हे सगळं मोठं करून दाखवायचं. त्याला डिटेल म्हणतात. माझ्या पहिल्या तिन्ही डिटेलांना सर म्हणाले, रांगोळी सुरेख आहे.

सोबत एका छोट्या कपाटाचा कागद आहे. तुम्ही चाळीस वर्षं रंधा चालवलात. यावरून कपाट करता येईल का, तेवढं सांगा.

लोभ आहेच, फक्त तो फॉर्मच्या रूपात पाठवू नये.

तुमची,
पायल


पुलगाव
१८ सप्टेंबर २००२

चि. पायल हिस,
सप्रेम जयभीम. आईचे अनेक आशीर्वाद. माझेही, पण थोडे राखून.

तुझा कागद पोचला. मी जन्मात कागदावरून काम केलं नाही. गिऱ्हाईक हात पसरून दाखवते, एवढं कपाट पाहिजे, की मी करून देतो. माप लावायला वीत आहे, सूतभर कमीजास्त ओळखायला अंगठा आहे. पण तू विचारलं करता येईल का, म्हणून करूनच पाठवलं. हातभर उंच आहे. तुझ्या कागदावर होतं तेच केलं, माझ्या पदरचं काही घातलं नाही. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ दिलं आहे, उतरवून घेशील.

आतल्या खणात तुझ्या आईनं खोबऱ्याच्या वड्या ठेवल्या आहेत. फॉर्म मी भरून ठेवला. सही तेवढी तुझी राहिली. कोणाची मुलगी कुठं पोचली हे इथं सगळे विचारतात, आणि मास्तरीण म्हटलं की समजते. डिटेल म्हटलं की कोणाला समजत नाही, मलाही नाही.

आईची काळजी अशीच राहू दे, माझी मी बघतो.

तुझा बाबा,
दशरथ गजभिये


सदाशिव पेठ, पुणे
३० सप्टेंबर २००२

ती. बाबांना,
सविनय जयभीम.

वि. वि. कपाट पोचलं. देखणं आहे. खण उघडत नाही.

दाराचा पल्ला उघडला तरी त्याचीच जाडी खणाच्या वाटेत उभी राहते. मी बिजागरीपाशी जागाच सोडली नव्हती. दोन दिवस खोलीभर वड्यांचा वास येत होता, वडी काही येत नव्हती. यमुनाबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, कपाट झकास आहे, चोरसुद्धा हात जोडून परत जाईल. तिसऱ्या दिवशी मी पल्लाच काढला. वड्या उत्तम होत्या, आईला सांगा.

मग ते कपाट मी पुन्हा जोडून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सरांनी तीनदा खण ओढला आणि असे हसले की चहावाला आत डोकावला. कोणी केलं म्हणाले. म्हटलं, माझ्या वडिलांनी, माझ्या कागदावरून. खण बिजागरीपासून अर्धा इंच आत घेऊन मी नवा कागद काढला, तेव्हा पहिल्यांदाच रांगोळी हा शब्द आला नाही. आता खराडीला एका आयटी कंपनीच्या बावीस केबिनी आहेत, सगळ्यांचं दार एकसारखं. त्या दाराचा कागद सरांनी मला दिलाय. ते जमलं तर राहीन, नाहीतर तुमचा फॉर्म आहेच.

मुद्दाम केलंत ना? मला भयंकर राग आला होता. नंतर तुमची खूप आठवण आली.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
पायल


पुलगाव
२० ऑक्टोबर २००२

चि. पायल हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

दसऱ्याला आम्ही दोघं दीक्षाभूमीवर जाऊन आलो. गर्दी फार होती, तुझी आई दोनदा हरवली आणि दोन्हीदा मी हरवलो असं तिचं म्हणणं आहे.

खरं सांगतो बाई, मुद्दाम केलं नाही. खण बसवताना हात म्हणत होता, जागा सोड. मी हाताला म्हटलं, तू गप बस, मुलगी पुण्यात शिकली आहे, तिकडं नवीन पद्धत असेल. पल्ला ठोकला तेव्हा कळलं, वड्या अडकल्या. तोवर गाडी सुटायची वेळ झाली होती. लाजेनं तुला लिहिलं नाही. तुझ्या कागदावरच्या तुटक रेघा मला वाचताच येत नव्हत्या. आता शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांकडून शिकून आलो. तुटक रेघ म्हणजे आत आहे पण दिसत नाही ते. आधी कोणी सांगितलं असतं तर एवढी वर्षं कागदाला भ्यालो नसतो.

आशीर्वाद पूर्ण पाठवत आहे, राखलेलेही धरून.

तुझा बाबा,
दशरथ


सदाशिव पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २००२

ती. बाबांना,
सविनय जयभीम.

वि. वि. दाराचा कागद पूर्ण झाला. छापील प्रत सोबत आहे. खालच्या कोपऱ्यात ऑफिसचा नंबर आणि दोन रकाने आहेत, ते वाचा. काढले: पायल गजभिये. तपासले: दशरथ गजभिये. तिथे सरांची सही असते. सर म्हणाले, हे कोण? म्हटलं, कपाटवाले. सर हसले आणि त्यांनी राहू दिलं. तुम्ही कागद अजून पाहिलाच नाही, हे मात्र मी बोलले नाही. सोमवारी, पंचवीसला, सुतार बावीस दारं बसवायला घेणार. आता धाकधूक नाही, सगळं सुतासुतापर्यंत जमलंय.

तुमच्या हातावर रागावले होते, ते मागे घेते.

तुमची,
पायल


पुलगाव
२३ नोव्हेंबर २००२

चि. पायल हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तोवर तुला बोलणी बसून गेली असतील, म्हणून लांबण लावत नाही.

आज सकाळी तुझा कागद आला. माझं नाव पाहून आनंद झाला. पण कागद तर मी पाहिलाच नव्हता. न तपासता तपासले लिहायचं म्हणजे कच्च्या लाकडाला पॉलिश मारणं. म्हणून कागद फरशीवर पसरला. आईला भिंत केलं, तिचा अंगठा म्हणजे दिव्याचं बटण, आणि मी झालो दार. उघडलो, तर बटण माझ्या पाठीमागे. माणूस केबिनीत येणार, दार लावणार आणि अंधारात भिंत चाचपणार. बावीस वेळा! तुझी आई म्हणाली, माझा अंगठा दुखतो, लवकर काय ते कर.

पत्राला चार दिवस लागतात आणि परवा सोमवार. मी तसाच चप्पल न घालता एसटीडी बूथवर गेलो आणि कागदावरचा नंबर फिरवला. उचलला तुझ्या सरांनीच. जड आवाजात विचारलं, कोण? मी नाव सांगणार होतो, पण तोंडातून निघालं, “तपासणारा बोलतोय.”

मग सगळं सांगितलं. तू न विचारता नाव टाकलं, हेही सांगितलं. खोट्यावर तुझी नोकरी नको. पलीकडं कागद उलगडल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेली माझ्या पोरीची नोकरी, तीही माझ्याच तोंडानं. मग ते म्हणाले, बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेतो, मुलीला ठेवतो, पण यापुढं तिचा प्रत्येक कागद आधी पुलगावला येईल.

तेव्हा पाठवत जा. डी.एड.च्या फॉर्मची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी तुटक रेघा गिरवतो आहे.

चूक झाली तर भिऊ नको, लपवू मात्र नको.

तुझा बाबा,
दशरथ गजभिये
(आता खरोखर तपासले.)