फ्रीजवरचे हिरवे चौकोन

दादा,

बचतीचा तक्ता फ्रीजवर लावायची कल्पना तुझी. त्या महिन्याचे पैसे टाकले की चौकोन हिरव्या पेन्सिलीने रंगवायचा, हा नियमही तुझाच. आज बँकेतून आलेलं तुझं पत्र मी चुकून उघडलं. वर्षभरात तू एक पैसाही टाकलेला नाहीस. चौकोन मात्र अकरा रंगवलेस, तेही रेषेबाहेर न जाता!

तुझ्या मागे पडू नये म्हणून मी दुखरी दाढ सहा महिने गोळ्यांवर रेटली. आता ती काढायला चाललेय, माझ्या बचतीतून.

आईचे तीनच चौकोन भरलेत. तुझे बघून ती बिचारी ओशाळते.

खोडरबर चहाच्या डब्यावर ठेवलंय. आईसमोरच खोड. मला आज बोलता येणार नाही, तेव्हा तिला तूच सांग.

धाकटी