मुडबीच्या समाजमंदिराचे कुलूप व दोन बहिणींचे नाटक

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
सीमाभाग कला-समन्वय कार्यालय, बिदर.

विषय : मुडबी येथील समाजमंदिरात अडकलेले तीन कलासंस्थांचे नाट्यसाहित्य परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, "शेवटच्या प्रवेशाची भाषा कळविणेबाबत".

महोदय,

१. अर्जदार निलम्मा या मुडबी, ता. बसवकल्याण येथील समाजमंदिरात बायकांचे कलाकेंद्र चालवितात. त्यांच्याकडे जागा होती, वाद्ये नव्हती. करजगीच्या वीरभद्रप्पांच्या नाट्यसंघाकडे वाद्ये व नट होते, जागा नव्हती. बिदरमधील मैलूरच्या केंद्राकडे पडदा व दिवे धूळ खात होते. तिघांनी मिळून ठरविले की अनुदानाच्या मागे धावायचे नाही, ज्याच्याकडे जे आहे ते त्याने दुसऱ्याला द्यायचे. त्यातून दोन बहिणींचे नाटक उभे राहिले. थोरली कन्नड घरात दिलेली, धाकटी मराठी घरात. थोरलीचे काम निलम्मांकडे आले. सासरच्यांनी त्यांना कधी नाटक बघायलाही सोडले नव्हते. साठीला आल्यावर प्रथमच त्यांच्या तोंडाला रंग लागणार होता.

२. परवानगीच्या अर्जात भाषेपुढे "दोन्ही" असे लिहिले. आपल्या कार्यालयाने कळविले की दोन भाषा म्हणजे दोन कार्यक्रम, सबब दोन अर्ज करावेत. ते केले. तेव्हा एकाच रंगमंचावर एकाच वेळी दोन कार्यक्रम होऊ शकत नाहीत, म्हणून दोन्ही अर्ज परत आले. पुढे करजगी कलबुर्गी जिल्ह्यात येते म्हणून तिकडचे ना-हरकत मागविण्यात आले. वीरभद्रप्पा म्हातारपणी एसटीने हेलपाटे घालून थकले. तिकडच्या साहेबांनी त्यांना विचारले, "कार्यक्रम आमच्याकडं न्हाईच, तर आम्ही हरकत कशाची नसल्याचं लिहून देऊ?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

३. परवानगी आली नाही तरी ठरल्या दिवशी प्रयोगाला माणसे जमली असताना आपले निरीक्षक आले व समाजमंदिराला कुलूप लावून सील केले. पडदा, दिवे, ढोलक, लुगडी, सगळे आत राहिले. निलम्मा बाहेर कडुनिंबाखाली रंग लावून बसल्या होत्या. त्या उठून निरीक्षकांपुढे गेल्या व म्हणाल्या, "साहेब, कुलूप दाराला लावलाव का माज्या तोंडाला?" निरीक्षक म्हणाले, "दाराला, अक्का." "मंग बसा की खाली," असे म्हणून त्यांनी पायरीवर उभे राहूनच पहिले वाक्य म्हटले. ढोलक नव्हते, तेव्हा वीरभद्रप्पांनी पाण्याच्या रिकाम्या पिंपावर ताल धरला. निरीक्षक शेवटपर्यंत बसून होते व त्यांनी डोळे पुसले, ही गोष्ट त्यांच्या विरुद्ध वापरू नये ही विनंती.

४. त्यानंतर संदर्भातील नोटीस आली. विनापरवाना झालेले नाटक कोणत्या भाषेचे धरायचे हे ठरविण्यासाठी शेवटच्या प्रवेशात थोरली बहीण कोणत्या भाषेत बोलत होती, याचा लेखी खुलासा मागितला आहे. त्या प्रवेशात आईच्या मयतीला दोघी बहिणी भेटतात. नोटीस निलम्मांना वाचून दाखविली. त्या म्हणाल्या, "त्या टायमाला मी काय बोललेच न्हाई. रडायलते." हाच त्यांचा खुलासा समजावा.

५. साहित्य अद्याप कुलपात आहे. उंदरांनी पडदा कुरतडायला सुरुवात केल्याचे खिडकीच्या फटीतून दिसते. पडदा मैलूरचा, ढोलक करजगीचे, अन् मान खाली घालावी लागते ती मुडबीला. उसनी आणलेली वस्तू परत करता येत नाही, याचा निलम्मांना प्रयोग अडविल्यापेक्षा जास्त त्रास होत आहे. तरी कुलूप काढून ज्याची वस्तू त्याच्या हाती द्यावी.

६. पुढील प्रयोग करजगीच्या खळ्यावर ठरला आहे. त्यासाठी परवानगीचा अर्ज केलेला नाही. निलम्मांनी करू दिला नाही. आपल्याला यायचे असल्यास बसायला सतरंजी आहे.

उत्तराची वाट पाहत असलेली,
आपली नम्र,
निलम्मा (सही कन्नडमध्ये)

अर्ज लिहून देणार : विजयश्री, मैलूर केंद्र
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

सोबत : १. नोटिशीची प्रत. २. परत आलेले दोन्ही अर्ज. ३. याच अर्जाची कन्नड प्रत, वेगळा अर्ज समजू नये.